मागच्या दारापासून सेक्रेटरीच्या खुर्चीपर्यंत

घोटी म्हटले की दोन गोष्टी आठवतात. एक तांदूळ आणि दुसरी वाट. इगतपुरी तालुक्यातला भात घोटीच्या गिरण्यांत येतो आणि तेथून तांदूळ होऊन शहरांतल्या ताटांत पोहोचतो. वाट म्हणाल, तर मुंबई-आग्रा महामार्ग गावाला लागून जातो, सिन्नरचा रस्ता येथूनच फुटतो आणि भंडारदऱ्याला किंवा कळसूबाईला निघालेला मुंबईकर चहासाठी येथेच थांबतो. आता त्यात समृद्धी महामार्गाची भर पडली आहे. शिर्डी ते भरवीर हा टप्पा मे २०२३ मध्ये खुला झाला, भरवीर ते इगतपुरी मार्च २०२४ मध्ये आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. नागपूर आणि मुंबई यांना जोडणारा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला आणि घोटी मुंबईच्या आणखी जवळ आली.

रस्त्यामागून माणसे येतात आणि माणसांमागून पैसा येतो. धरणांच्या काठावर आणि डोंगरांच्या उतारावर रिसॉर्ट उभी राहिली. बंगल्यांच्या वसाहती आल्या. अशा वसाहतीत क्लबहाऊस असतेच. पोहण्याचा तलाव, बॅडमिंटनचे कोर्ट, पत्त्यांची खोली आणि उपाहारगृह. जमीन अर्थातच याच तालुक्याची. तालुक्याला जमीन देण्याची सवय जुनी आहे. दारणा धरण इंग्रजांच्या काळातले. त्यानंतर वैतरणा, मुकणे, भावली. मग महामार्ग. दर वेळी पाणी किंवा रस्ता दुसऱ्यांसाठी आणि गावच्या वाट्याला नोकरीचे आश्वासन, असा अनुभव येथल्या अनेक घरांनी घेतला आहे.

रिसॉर्ट आणि क्लब यांनी मात्र नोकऱ्या दिल्या, हे नाकारता येणार नाही. फाटकावरचा रखवालदार गावातला असतो, बागेतला माळी गावातला असतो, खोल्या आवरणाऱ्या बाया जवळच्या पाड्यांवरून येतात. ही कामे प्रामाणिक आहेत आणि त्यांवर घरे चालतात. प्रश्न पुढचा आहे. अठराव्या वर्षी भांडी घासायला मागच्या दाराने आत गेलेला मुलगा पंचेचाळिसाव्या वर्षी त्याच संस्थेत कुठे असेल? जास्तीत जास्त 'कॅप्टन', म्हणजे वाढप्यांचा मुकादम. आणि व्यवस्थापकाची खुर्ची? ती भरण्यासाठी जाहिरात जाते, सल्लागार नेमले जातात, शहरातून उमेदवार येतात. खालची भरती गावातून आणि वरची भरती बाहेरून. मधला जिना कोणी बांधायचा, याचा विचार फारसा होत नाही.

आधी क्लब म्हणजे काय ते पाहू. कारण हॉटेल आणि क्लब यांत बाहेरून फरक दिसत नाही, पण आतून तो मोठा आहे. हॉटेलात येणारा पाहुणा असतो. क्लबात येणारा सभासद असतो, म्हणजे एका अर्थी मालक. हॉटेलच्या व्यवस्थापकाला एक मालक सांभाळायचा असतो. क्लबच्या सेक्रेटरीला हजारो. शिवाय त्याच्या डोक्यावर सभासदांनी निवडून दिलेली समिती असते, ती निवडणुकीगणिक बदलते. गेल्या वर्षीच्या समितीला बिलियर्डची खोली वाढवायची होती, यंदाच्या समितीला ती मोडून व्यायामशाळा करायची आहे. नोकर कायमचे आणि मालक तात्पुरते, असा हा उलटा संसार आहे.

या संसाराला कायद्याचीही कुंपणे पुष्कळ. दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा क्लबांसाठीचा एफ.एल.-४ हा वेगळा परवाना लागतो. स्वयंपाकघराला २००६ चा अन्न सुरक्षा कायदा लागू, कामावरच्या स्त्रियांच्या संरक्षणासाठी २०१३ चा कायदा लागू. क्लबाने स्वतःच्याच सभासदाला जेवण दिले, तर ती विक्री म्हणायची की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. क्लब आणि सभासद हे वेगळे नाहीत, तेव्हा विक्री नाही, असा निकाल कलकत्ता क्लबच्या प्रकरणात २०१९ साली लागला. मग २०२१ साली वस्तू व सेवा कराच्या कायद्यातच दुरुस्ती करून सरकारने ती वाट अडवली. हे सारे ज्याला उमजते, जो खानसाम्याशीही बोलू शकतो आणि सनदी लेखापालाशीही, असा माणूस सेक्रेटरी म्हणून हवा असतो. असा माणूस सहजासहजी मिळत नाही.

अमेरिकेत या कामाचा स्वतंत्र पेशाच झाला. तेथील क्लब व्यवस्थापकांची संघटना १९२७ साली स्थापन झाली. तिचे शिक्षणक्रम आहेत, परीक्षा आहे, 'सर्टिफाइड क्लब मॅनेजर' अशी पदवी आहे. एखाद्या मोठ्या क्लबाला व्यवस्थापक हवा झाला, की तो केवळ याच कामात मुरलेल्या भरती सल्लागाराकडे जातो. सल्लागार आधी समितीला बोलते करतो. मागचा माणूस का गेला, पुढच्याकडून काय हवे, पैसा किती आणि भांडणे किती, हे सारे काढून घेतो. मग पदाचे सविस्तर वर्णन लिहितो, देशभरातून नावे गोळा करतो, चाळतो, मुलाखती घेतो आणि चार-पाच नावे समितीपुढे ठेवतो. वरिष्ठ पदांच्या अशा शोधाचा मोबदला साधारणपणे पहिल्या वर्षाच्या पगाराच्या एक-तृतीयांशाच्या घरात असतो आणि तो संस्था देते. काही सल्लागार दुसऱ्या बाजूनेही काम करतात. उपव्यवस्थापक असलेल्याला वरच्या खुर्चीसाठी तयार करतात. अर्ज कसा लिहावा, समितीपुढे कसे बोलावे, कोणते शिक्षण कमी पडते, हे त्याला सांगतात. त्याला 'करिअर कोचिंग' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे, तर वाट दाखवणे.

आपल्याकडे ही वाट बहुधा ओळखीची राहिली. इंग्रजांनी क्लब आणले. मुंबईच्या यॉट क्लबची स्थापना १८४६ ची, बॉम्बे जिमखान्याची १८७५ ची, पूना क्लबची १८८६ ची. साहेबाच्या क्लबाचा सेक्रेटरी साहेबच असणार. साहेब गेला, तेव्हा त्याच्या खुर्चीवर पुष्कळ ठिकाणी सैन्यातले निवृत्त अधिकारी आले. ते चुकीचे होते असे नाही. अधिकाऱ्यांचे मेस चालवणे आणि क्लब चालवणे यांत साम्य आहे. शिस्त आहे, हिशेब आहे, माणसे हाताळण्याची सवय आहे. देवळालीसारखी लष्करी छावणी जवळ असलेल्या नाशिककरांना हे वेगळे सांगायला नको. अलीकडे हॉटेल व्यवसायातून आलेली माणसे या पदांवर दिसतात आणि भरती सल्लागारही या क्षेत्रात उतरले आहेत. पण दोन्ही वाटा बाहेरून आत येतात. स्वयंपाकघरातून वर जाणारी वाट अजून अरुंदच आहे.

या अरुंद वाटेची गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. पाळवणकर बाळू हे नाव क्रिकेटच्या इतिहासात आहे. ते क्लबांच्या इतिहासातही वाचले पाहिजे. चर्मकार समाजातल्या या मुलाची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास तो गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला. तेथे चार रुपये मिळू लागले. काम तेच, शिवाय सरावाची जाळी बांधायची. साहेब लोकांना सरावाला गोलंदाज हवा असे म्हणून त्याच्या हाती चेंडू दिला गेला आणि त्या मुलाने डावखुऱ्या फिरकीची जी साधना केली ती याच जाळीत. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नावाजलेला फलंदाज तासन्‌तास त्याच्यासमोर सराव करी. पण बॅट त्याच्या हाती कोणी दिली नाही. नोकराने चेंडू टाकायचा, फलंदाजी साहेबांनी करायची.

पुढे पुण्यातल्या हिंदू मंडळींनी त्याला संघात घेतले, ते गोऱ्यांना हरवायचे होते म्हणून. मैदानावर तो सर्वांबरोबर, आणि चहाच्या वेळी मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात. मग मुंबई, मग हिंदू जिमखाना. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा बाळूने त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. इतके होऊनही हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. तेही आधी बराच झगडा झाल्यावर.

बाळूचा काळ आणि आजचा काळ एक नव्हे. आज कोणाला मातीच्या भांड्यात चहा देत नाहीत. पण दार आणि पोशाख यांवरून माणूस जोखण्याची सवय क्लबांतून पुरती गेली आहे, असेही म्हणता येत नाही. चेन्नईत २०१४ साली वेष्टी नेसून आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना एका क्लबात प्रवेश नाकारला गेला आणि तमिळनाडू सरकारला त्यासाठी कायदा करावा लागला. दिल्लीत २०१७ साली मेघालयाच्या पारंपरिक वेशातल्या एका महिलेला, ती मोलकरणीसारखी दिसते, असे म्हणून क्लबाच्या भोजनगृहातून उठवले गेले. ती निमंत्रित पाहुणी होती. 'मोलकरणीसारखी' या एका शब्दात सारे आले. जी संस्था आपल्या नोकरांकडे या नजरेने पाहते, तिला त्या नोकरांतला उद्याचा व्यवस्थापक दिसणार कसा?

आणि नुकसान संस्थेचेच होते. क्लबाची खरी पुंजी इमारत किंवा हिरवळ नव्हे. ती आठवण आहे. कोणत्या सभासदाला मधुमेह आहे, कोणाचा मुलगा परदेशातून आला आहे, कोणती दोन माणसे एका टेबलावर बसवायची नाहीत, हे तीस वर्षे वाढणाऱ्या माणसाला ठाऊक असते. बाहेरून आलेल्या व्यवस्थापकाला ते शिकायला दोन वर्षे लागतात आणि पुष्कळदा तिसऱ्या वर्षी तो निघून जातो. मग पुन्हा सल्लागार, पुन्हा शोध, पुन्हा मोबदला. त्या पैशाचा थोडा भाग जरी आतल्या माणसांच्या शिक्षणावर खर्च झाला, तरी दहा वर्षांत फरक दिसेल.

अर्थात सारा दोष समित्यांवर ढकलून चालणार नाही. आपल्या घरांतही या कामाबद्दल एक अढी आहे. मुलगा हॉटेलात लागला, असे सांगताना आवाज खाली येतो. मुलगी लागली, तर तो आणखी खाली येतो. बँकेतला शिपाई चालतो, क्लबातला सहायक व्यवस्थापक चालत नाही. त्यामुळे हुशार मुले या वाटेला वळत नाहीत आणि जी वळतात ती 'दुसरे काही मिळेपर्यंत' म्हणून. ज्या कामाकडे आपणच तात्पुरते म्हणून पाहतो, त्यात जिना शोधायची इच्छा कुठून होणार?

म्हणून घोटीसारख्या गावात करिअरचे मार्गदर्शन म्हणजे काय, हे नीट ठरवले पाहिजे. दहावी-बारावीनंतर एखाद्या सभागृहात होणारे भाषण म्हणजे मार्गदर्शन नव्हे. नोकरी लागल्यावर पुढे काय, हे सांगणारा कोणी हवा. काही गोष्टी साध्या आहेत, पण घरोघरी ठाऊक असल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट शिक्षणाची. बारावीनंतर हॉटेल व्यवस्थापनाची तीन वर्षांची पदवी घेता येते. केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या संस्थांसाठी एक समाईक प्रवेश परीक्षा असते. मुंबईत दादरला असलेली अशी संस्था १९५४ पासून चालू आहे. जुने लोक तिला 'कॅटरिंग कॉलेज' म्हणतात. ज्याचे शिक्षण आठवीला थांबले, त्याच्यासाठी पर्यटन मंत्रालयाने २००९-१० मध्ये 'हुनर से रोजगार तक' ही योजना काढली. त्यात स्वयंपाक, वाढप, खोल्यांची देखभाल असे थोड्या आठवड्यांचे शिक्षण होते. ज्याने दहा वर्षे काम केले पण हाती कागद नाही, त्याच्यासाठी आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची पद्धत कौशल्य विकासाच्या सरकारी योजनांत आली आहे. आणि नोकरी सांभाळून पदवी घ्यायची, तर १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकलाच आहे. दार इतके जवळ असून ठोठावायचे कोणी, एवढाच प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट, केलेले काम शब्दांत मांडण्याची. समजा, एखाद्या मुलाला विचारले, तू काय करतोस? तो म्हणेल, 'वाढतो.' पण तो लग्नाच्या हंगामात तीनशे पानांची पंगत आठ माणसांना हाताशी धरून पार पाडत असतो, कोठारातल्या मालाचा हिशेब ठेवत असतो, रागावलेल्या सभासदाला शांत करत असतो. हेच व्यवस्थापन. अमेरिकेतला सल्लागार पैसे घेऊन आपल्या उमेदवाराला जे शिकवतो ते बरेचसे एवढेच, की केलेले काम आकड्यांत आणि नेमक्या शब्दांत सांग. एका वहीत दर महिन्याला काय नवे केले ते लिहून ठेवण्याची सवय लावली, तरी पाच वर्षांनी अर्ज लिहिताना पेन अडणार नाही.

तिसरी गोष्ट इंग्रजीची आणि हिशेबाची. इंग्रजीची भीती खरी आहे, पण क्लबात लागणारे इंग्रजी कादंबरीचे नसते. ते तक्रारीचे, पत्राचे आणि सभेच्या इतिवृत्ताचे असते. ते शिकता येते. हिशेबाचे मात्र टाळता येत नाही. वाढप्याला व्यवस्थापकापासून वेगळे करणारी रेघ टायची नाही, ताळेबंदाची आहे. ज्याला ताळेबंद वाचता येतो, त्याला समिती आज ना उद्या खुर्ची देते.

चौथी गोष्ट सावधगिरीची आणि ती आई-वडिलांनी विशेष लक्षात ठेवावी. खऱ्या भरती सल्लागाराला पैसे संस्था देते, उमेदवार नव्हे. 'मोठ्या क्लबात लावतो, आधी एवढे भरा' असे म्हणणारा माणूस कितीही गोड बोलला, तरी त्याच्या हाती भाताचे पैसे देऊ नयेत. आखातातल्या नोकरीचे आमिष असेल, तर १९८३ च्या कायद्यानुसार परदेशी भरती करणाऱ्याची सरकारकडे नोंदणी लागते. ती आधी पाहावी. जमीन विकून आलेला पैसा अशा वाटेने गेल्याची दुःखे गावोगावी कमी नाहीत.

हे झाले घरांचे काम. क्लबांचे आणि रिसॉर्टांचे काम त्याहून अवघड नाही. वरची जागा रिकामी झाली, की बाहेर जाहिरात देण्याआधी ती आतल्या सूचनाफलकावर लावावी. दरवर्षी दोन माणसांना शिकायला पाठवावे आणि परत आल्यावर त्यांना शिकलेले काम द्यावे, पुन्हा जुन्या टेबलावर उभे करू नये. बायांना रात्री घरी पोहोचवण्याची गाडी ठेवावी. कारण गाडी नसेल, तर संध्याकाळची पाळी नाही आणि संध्याकाळची पाळी नसेल, तर बढती नाही. सल्लागार नेमायचाच असेल, तर त्याला सांगावे, की तुझ्या यादीत एक नाव आमच्या स्वयंपाकघरातले असू दे. ते नाव निवडले जाईलच असे नाही. निवड गुणांवरच व्हावी. पण यादीत नावच नसेल, तर गुण पाहणार कशाचे?

काहीजण म्हणतील, ग्रामपंचायतीने जमिनीच्या व्यवहाराच्या वेळीच नोकऱ्यांची अट घालावी. अट जरूर असावी. पण अटीत किती नोकऱ्या एवढेच असते, कोणत्या नोकऱ्या हे नसते. पन्नास रखवालदारांच्या ऐवजी चाळीस रखवालदार आणि दहा शिकाऊ व्यवस्थापक मागितले, तर गावाचा सौदा अधिक चांगला होईल. पुढच्या पिढीला याचा लाभ मोठा आहे. वडील फाटकावर उभे होते म्हणून मुलानेही तेथेच उभे राहावे, ही रीत मोडायची तर मागणीचे शब्द आधी बदलावे लागतील.

घोटीची जमीन पुन्हा मिळणार नाही. तिच्यावर जे उभे राहिले आहे, त्यात घोटीच्या मुलांची जागा कोणती, एवढेच ठरवायचे उरले आहे. पाळवणकर बाळूने झाडलेल्या खेळपट्टीवर त्याला बॅट मिळाली नाही, कारण देणाऱ्यांना ती द्यायची नव्हती आणि मागण्याचा हक्क त्याला कोणी दिला नव्हता. आज तो हक्क आहे. आपल्या मुलाला किंवा मुलीला क्लबात, रिसॉर्टात काम मिळाले, तर पेढे जरूर वाटावेत. मात्र त्याच दिवशी तेथल्या साहेबांना, नम्रपणे पण स्पष्टपणे, एक प्रश्न विचारून यावा: येथून वर जायची पायरी कोणती, आणि ती चढायला किती वर्षे लागतात?